बारावं चाटण

लाइट गेली की आमच्या सोसायटीतली पोरं गच्चीवर जमतात आणि अब्दुल्ला चाचांच्या मागं लागतात. चाचा तळमजल्यावर राहतात. पंचवीस वर्षं टेम्पो चालवला त्यांनी, उरणपासून तळोज्यापर्यंत एक रस्ता सोडला नाही. आता गुडघे गेलेत. टेम्पो पुतण्या चालवतो आणि चाचा बोलतात.

नव्व्याण्णवचा मे महिना होता. सव्वानऊला लाइट गेली. माझी वैदेही आणि वरच्या मजल्यावरचा केयूर चटई घेऊन वर पळाले. कुरडयांचं वाळवण गच्चीवर विसरलं होतं ते आणायला मी मागोमाग गेले.

केयूर म्हणाला, "चाचा, भुताची सांगा. खरी. टीव्हीवाली नको."

"भुताची मला येत नाय," चाचा म्हणाले. "वामनची येते. वामनला मी ओळखायचो."

आणि त्यांनी डोंगराकडं बोट केलं. लाइट नसली की खारघरचा डोंगर आमच्या गच्चीला टेकून बसल्यासारखा वाटतो.

मी वाळवण हातात घेऊन तशीच उभी राहिले. चाचांनी सांगितलं ते सांगितलं तसं लिहिते. माझं तोंड गप्प बसत नाही, त्यामुळं मधे मी बोलले तेही आलंय.

वामन उरणजवळच्या जासईचा. मिठागरातला माणूस. बाप मिठागरात, आजा मिठागरात. मग मिठागरावर भराव पडला, कारण कंटेनर ठेवायला जागा हवी होती. वामन इकडं आला आणि वॉचमन झाला. कुठं? तर इथंच. ही आपली बिल्डिंग तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, नुसते कॉलम होती. मागच्या गेटापाशी पत्र्याची खोली, खोलीला काळ्या दगडाची पायरी. वामन आणि त्याची बायको पुतळा. दोघंच.

"पोरंबाळं?" वैदेहीनं विचारलं.

"एक होती. हिरू. अडीच वर्षांची. त्याच्या दोन पावसाळ्यांआधी गेली. डांग्या खोकला." चाचा पोरांकडं वळले. "तो खोकला ऐकलाय का तुमी कोणी? पोर खोकतं, खोकतं, खोकतं... श्वासच घेत नाय. आणि मग एकदम आत ओढतं. हूऽऽप! ज्या आईनं तो आवाज ऐकला ती मरेपर्यंत विसरत नाय."

मला तो आवाज माहीत आहे. माझ्या धाकट्या भावाला तो खोकला झाला होता.

लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. पुरताना खड्ड्यात मीठ घालतात. मिठागरातल्या माणसांना मीठ काय विकत आणायचं असतं? घमेलं भरून घालतात. जासईच्या मिठागराच्या बांधाला एक कोपरा होता, करंजाखाली. गावाची अशी सगळी पोरं तिथं. आज्या-पणज्यांच्या काळापासूनची. प्रत्येकाबरोबर मीठ. हिरूपण तिथंच.

आता मास्तर. दिनानाथ मास्तर नावड्याला शाळेत शिकवायचे आणि डोंगरातल्या जनावरांसाठी जीव टाकायचे. डोंगरात भेकरं होती. भेकर म्हणजे हरीणच, बकरीएवढं, तांबूस, पण आवाज कुत्र्यासारखा. भुंकतं. उन्हाळ्यात त्यांना खारट लागतं. गाभण असेल तर फार लागतं. डोंगरात मिळेना, म्हणून ती रात्री खाली उतरायची. एका कारखान्याचा नाला होता, त्याच्या काठाला पांढरी खपली धरायची, ती चाटायची. सकाळी तिथंच मरून पडलेली. एका महिन्यात मास्तरांनी सात उचलली. त्यातल्या दोघींच्या पोटात पिल्लं.

मास्तर म्हणाले, वर डोंगरात चाटायला ठेवलं तर कशाला उतरतील? पण बाजारातली चाटणाची वीट मास्तरच्या पगारात बसेना. वामन मिठागरातला म्हणून त्याला त्यांनी बिल्डिंगवर येऊन विचारलं, "स्वस्तात काय होईल रे?"

वामननं बसल्या बसल्या सांगितलं. खडं मीठ, चिकणमाती, खताच्या दुकानातली हाडांची पूड, चुलीची राख, धरून ठेवायला थोडी काकवी. "पन माती इकडची नाय चालनार, मास्तर. वळवाची एक सर आली का गेली वाहून. मिठागराची पायजे. ती मीठ सोडत नाय."

म्हणून एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला चाचा टेम्पो घेऊन वामनबरोबर जासईला गेले. मीठ भरलं. मग कंटेनरच्या यार्डाकडेला डंपरनं मातीचा ढीग ओतला होता, तिथं वामननं टेम्पो थांबवायला लावला. खाली उतरला. चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मिठागरवाले असंच करतात. कुठल्या मातीनं किती मीठ धरलंय ते त्यांना जिभेनंच कळतं. चाखतात आणि थुंकतात.

वामन थुंकला नाही. घोळवली आणि गिळली.

"अब्दुल्लाभाय, अशी माती जन्मात चाखली नाय. किती वर्षं मीठ खाल्लंय हिनं!"

आणखी एक चिमूट तोंडात टाकली. मग पाच घमेली टेम्पोत टाकली.

"ढीग कुठनं आला ते विचारलंत का?" मी म्हणाले.

"नाय, ताई."

"पुरुष माणसं विचारत नाहीतच. भरायचं आणि निघायचं."

एरवी चाचा माझ्या बोलण्यावर हसतात. तेव्हा हसले नाहीत.

माती मळली पुतळानं. त्या काळ्या पायरीवर बसून, कणीक तिंबावी तशी, दोन दिवस. मिठानं हात चिरले, तरी थांबली नाही. उलट गुणगुणायला लागली. वामन चाचांना म्हणाला, "दोन वर्षांनी तिचा आवाज आयकला." बारा चाटणं झाली. भाकरीएवढी, चार बोटं जाड, मधे दोरी ओवायला भोक. परात तिनं पायरीवरच धुतली. ते खारट पाणी सगळं दगडात मुरलं.

दोन मेला वामन, मास्तर आणि चाचा, तिघांनी मिळून ती डोंगरात नेली आणि बारा जागी बुंध्यांना बांधली. तीन दिवसांनी मास्तर धावत आले. प्रत्येक चाटणापाशी खुरं उमटलेली! नाल्यावर एकही भेकर नाही! मास्तरांनी वामनला मिठी मारली. पुतळाच्या पाया पडायला निघाले. ती लाजून खोलीत पळाली.

त्याच रात्री, पाच मेला, पुतळा अंथरुणात उठून बसली.

"हिरू खोकते."

वामन म्हणाला, "भेकर हाय ते. डोंगरात भुंकतंय. झोप."

दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री वामनची झोप मोडली, तेव्हा पुतळा दाराशी उभी होती. त्यानं कान दिला. भुंकणं आलं. एक. दोन. तीन. लागोपाठ, दम न घेता, सात-आठ.

आणि मग... हूऽऽप.

सकाळी त्यानं मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, "भेकर नुसतं भुंकतं, वामन. आत श्वास ओढल्याचा आवाज ते कधीच करत नाही. तुझी झोप झालेली नाही."

पुतळानं अन्न सोडलं. दिवेलागणीला डोंगराच्या वाटेला लागायची आणि वामन तिला ओढून आणायचा. एका रात्री त्यानं तिचा पाय खाटेला बांधला. पहाटे बघतो तर दोरी तुटायला आलेली. दातांनी. ओठ रक्तानं भरले होते. डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, सलाइन लावा, नाहीतर दोन दिवसांत संपेल. सलाइनची सुई तिनं उपटून काढली.

चाचा पेज घेऊन गेले होते. त्यांना ती फार शहाण्यासारखं बोलली. तेच वाईट होतं, म्हणतात चाचा. वेड्यासारखी बोलली असती तर बरं झालं असतं.

"अब्दुल्लाभाय, ती रोज थोडी जवल येते. काल पान्याच्या टाकीपाशी होती. तिला घर सापडत नाय. ही नवी जागा ना, तिनं कवा बघितलीय? मी हाक मारली का येईल."

"मारलीस का?"

"हे मारून देत नायत. तोंड दाबतात."

वामन कोपऱ्यात उकिडवा बसला होता. म्हणाला, "हाक मारली आनि ती आली, तर ती हिला सोडून जानार नाय. घेऊन जाईल. एक गेली, अब्दुल्लाभाय. आता ही पन?"

चाचा इथं पाणी प्याले. केयूरनं टॉर्च लावला तर त्यांनी तो विझवायला लावला.

शनिवार, अकरा मे. दुपारी वामन एकटाच जासईला गेला आणि डंपरच्या मुकादमाला भेटला. जे आधी विचारायचं ते तेव्हा विचारलं. तो ढीग कुठला? मुकादम म्हणाला, बांधाच्या कोपऱ्यातला. करंज पाडला, त्याच्या मुळाखालची माती.

रात्री आठला वामन चाचांच्या दारात आला. बसला नाही.

"माती पोरांची व्हती," म्हणाला.

तो उभा होता. हाताची बोटं तोंडाशी नेत होता आणि खाली घेत होता.

"तिनं मळली... मी खाल्ली."

मग म्हणाला, बाराच्या बारा काढून आणू. परत त्या कोपऱ्यात नेऊ, मीठ घालून पुरू. "एक पन ऱ्हायलं तर ती अर्धी ऱ्हाईल. अर्धी असली का येतच ऱ्हाईल. पुतला जाईल, अब्दुल्लाभाय. उद्या नाय तर परवा."

पुतळाला खोलीत ठेवून बाहेरनं कडी लावली. पावणेदहाला दोघं डोंगर चढायला लागले. एक टॉर्च, एक पोतं. चंद्र उगवायला एक वाजणार होता. वाऱ्याचं नाव नव्हतं. वामन दोरी कापायचा, चाटण पोत्यात टाकायचा, मोजायचा. एक. दोन. प्रत्येकावर जिभेनं खळगे पडलेले. पाचव्यानंतर पोतं चाचांनी घेतलं. सातव्यानंतर परत वामनकडं दिलं. जड होतं. चाटणांच्या मानानं फारच जड.

सव्वाबारापर्यंत अकरा झाली.

बारावं सुक्या ओढ्यात होतं.

टॉर्च मारला. दोरी होती. गाठ तशीच होती. आत काही नव्हतं. खाली चुरा नाही, तुकडा नाही. बुंध्याची सालसुद्धा चाटून पांढरी केलेली.

वामन खाली बसला. हातांनी माती चाचपत राहिला.

"बारावं..." म्हणाला. "बारावं..."

मागं पाचोळा वाजला.

चाचांनी टॉर्च फिरवला. भेकर. दहा पावलांवर. लहानसं. अंगात काही नाही, नुसत्या बरगड्या.

"रस्त्यावर रात्रभर गाड्या चालवल्यात मी," चाचा म्हणाले. "कुत्रं, मांजर, कोल्हा, उजेड पडला का जनावराचे डोळे चमकतात. त्याचे चमकले नाय."

ते खोकलं.

एक. दोन. तीन. चार... मान खाली... पाय थरथरत...

हूऽऽप.

आणि वळलं. पळालं नाही. चालत खाली निघालं. खाली डोंगराच्या पायाशी एकच बल्ब होता. आपल्या साइटवरचा.

वामन उठला आणि धावला. चाचा मागं. दगड, काटे, काही बघितलं नाही. चाचा कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होते. मधेच विसरायचे. परत सुरू करायचे. पुढं अंधारात खोकला. कधी डावीकडं. कधी उजवीकडं. कायम पुढं.

खोलीच्या दाराची कडी तशीच होती. बाजूचा पत्रा खालनं उचकटलेला. नखांनी.

पुतळा पायरीवर बसली होती. दोन्ही हात पुढं, उघडे. चिरलेले. भेकर तिचे तळवे चाटत होतं.

चंद्र नुकता वर आला होता. अर्धा.

"आली," पुतळा म्हणाली. हळू. झोपलेलं पोर उठेल म्हणून बोलतात तसं. "बघा ना... केवढी भूक लागलीय."

हात चाटून झाले. मग ते दगड चाटायला लागलं. तिच्या मांडीशेजारचा. खर्र... खर्र... खर्र...

पुतळानं तोंड उघडलं. "हि..."

वामननं तिच्या तोंडावर हात दाबला.

जनावरानं मान वर केली. थांबलं. वाट बघत राहिलं.

कोणी हललं नाही.

चाचा म्हणतात, तेव्हा वामनच्या तोंडाकडं त्यांनी बघितलं, आणि ते एकदम शांत झालं होतं. हिशेब जुळल्यासारखं.

"अब्दुल्लाभाय. बारावं हिच्या पोटात हाय," तो जनावराकडं बघत म्हणाला.

"हो."

"थोडं माझ्या."

वामननं मोकळा हात पोटावर ठेवला.

"मंग आमी दोघं गेलो का पुरं व्हतं."

"वामन, थांब, सकाळ होऊ दे, मी टेम्पो..."

"पुतलाला धरा. उजाडल्याबिगार सोडू नका."

त्यानं पोतं खांद्यावर घेतलं. पुतळाच्या डोक्यावर एकदा हात ठेवला. आणि त्यानं हाक मारली. इतके दिवस जी बायकोला मारू दिली नाही, ती.

"हिरू. चल. बाबा नेतो."

तो रस्त्याला लागला. भेकर त्याच्या मागं निघालं. कुत्रं चालतं तसं नाही. पोर चालतं तसं. चार पावलं मागं राहायचं, मग धावत गाठायचं. तोही थांबायचा. मागं न बघता थांबायचा.

खोकला लांब गेला.

मग ऐकू येईना.

पुतळा ओरडली नाही. चाचांच्या हातात नुसती धडपडत होती. बुक्के मारत होती, डोकं आपटत होती. रात्रभर. चाचांनी सोडलं नाही.

"सोडायचं होतं तिला!" माझ्या तोंडून गेलं. "आई होती ती. तिला निरोप तरी घेऊ द्यायचा."

चाचा म्हणाले, "तीन वर्षं मी हेच म्हणतो, ताई. पण सोडलं असतं तर ती आज नसती."

उजाडलं तशी पुतळा ढिली पडली. डोळे पुसले. म्हणाली, "भूक लागली." पेज प्याली. परत मागितली. आता ती जासईला भावाकडं असते. डोंगराकडं तोंड करून झोपत नाही, एवढंच.

सकाळी चाचा मास्तरांना घेऊन यार्डावर गेले. भरावाच्या कडेला, करंज होता त्या बाजूला, ताजी उकरलेली जागा. वरून मीठ पसरलेलं, पांढरं स्वच्छ. मास्तरांनी हातानं उकरलं. कोपराएवढं खाली पोतं लागलं. मोजली. अकरा. परत तशीच पुरली. आजूबाजूला पावलं नव्हती, खुरं नव्हती. वामनही नव्हता. पोलिसांत नाव दिलं. ठेकेदार म्हणाला, वॉचमन पळाला, दुसरा बघतो.

"आणि तुम्ही इथं परत आलात तेव्हा?" वैदेहीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"परत आलो तर ती पायरी. काळा दगड, बेटा. छिन्नी लावली तर छिन्नी उडते. त्याला खळगा पडला होता. अर्ध्या वाटीएवढा, गुळगुळीत. एका रात्रीत." चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "खोली पाडली, दगड गवंड्यानं मागच्या गेटाला लावला. आहे ना अजून. रोज पाय देता त्याच्यावर."

तेवढ्यात लाइट आली. पोरं उठेनात. एकमेकांना चिकटून बसून राहिली. मी त्यांना दटावलं, हाताला धरून घरात नेलं, वैदेहीला भात वाढला.

मी भुतं मानत नाही. मेलेल्या माणसांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, केलंय ते जिवंतांनी. म्हणून पावणेबाराला, सगळे झोपल्यावर, टॉर्च घेऊन मी मागच्या गेटाला गेले. लावायचा सोक्षमोक्ष.

दगड होता. खळगा होता. चाचांनी सांगितला तसाच, अर्ध्या वाटीएवढा. मी त्यात बोटं घातली. काचेसारखा गुळगुळीत.

मग हात सरकला आणि शेजारी लागला दुसरा. मोठा. रुंद. कडा अजून खरखरीत, नव्या.

चाचांनी एकच सांगितला होता.

आमच्या नळांना त्या दिवशी सकाळपासून पाणी नव्हतं. दोन्ही ओले होते.